आबांच्या ट्रकाचे ठसके

जुन्या कॉम्प्युटरबद्दल आपल्याकडे सगळ्यांचं एकच मत असतं: फेकून द्या. हे मत द्यायला कॉम्प्युटर बघावा लागत नाही. फोनवरून देता येतं, चहा पिता पिता देता येतं, दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून देता येतं. तुंबलेलं गटार, गिळलेला फुटपाथ, रातोरात गायब झालेलं झाड, यांच्यावर पत्रकं लिहून मी घरोघर वाटते. माझी पत्रकं लोक जेवढी वाचतात, साधारण तेवढाच हे तज्ज्ञ कॉम्प्युटर तपासतात.

हा कॉम्प्युटर मी कॉलेजात असताना घेतलेला. पुढे मला लॅपटॉप मिळाला आणि हा बाहेरच्या खोलीत आबांच्या वाट्याला आला. आबा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य त्यांनी दुधाचा टँकर चालवला. शाहूवाडीकडून दूध भरायचं आणि कोल्हापुरात आणून ओतायचं. पुढे साखर वाढली, उजव्या डोळ्याचा कारभार आटोपला, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला सांगितलं. त्यानंतर आबा कसबा बावड्यातल्या आमच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची लाज काढायला लागले. "बघ, बघ, थर्ड गियरला टाकलीया. ह्याला लायसन दिलं कुणी?" सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की आईला दार लावून घ्यावं लागायचं.

म्हणून मी त्यांना ट्रक चालवायचा गेम लावून दिला. एका मित्राकडून जुनं स्टिअरिंग आणि पायात ठेवायचे पेडल आणले. गेममधले रस्ते कुठल्या तरी थंड देशातले. पहिल्या दिवशी आबांनी नाक मुरडलं. "म्हस न्हाय, ट्रॉली न्हाय, कोण हॉर्न वाजवत न्हाय. ही काय मेलीत का काय सगळी?" दुसऱ्या दिवशी चहा झाल्या झाल्या स्वतःच जाऊन बसले. स्टिअरिंगला हात लावून पाया पडले आणि गाडी काढली. रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना त्या दिवसापासून जरा विश्रांती मिळाली.

मग ट्रक ठसके द्यायला लागला. वळण आलं की चित्र जागच्या जागी थांबायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा ट्रक कठड्यावर चढलेला असायचा. एक दिवस आबांनी स्टिअरिंग गुंडाळून माळ्यावर टाकलं. "कंटाळा आला," म्हणाले. मी विश्वास ठेवला. गवारी निवडता निवडता आईनं खरं काय ते सांगितलं.

"दुसराबी डोळा चाललाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"ते स्वतःच. वळण आलं की मधलं दिसंना झालंय म्हणत्यात. तुला सांगू नको म्हणाल्यात."

"मग डॉक्टरकडं?"

"न्हाय म्हणत्यात. एका डोळ्याचं ऐकून आलोय, तेवढं बास."

मी तडक आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, आबा, चित्र मलाही थांबलेलंच दिसतंय, मशीन जुनं झालंय, तुमच्या डोळ्याचा संबंध नाही. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या टायमालाबी सगळी असंच म्हणत हुतासा. काय न्हाय, काय न्हाय. आणि झालं काय?"

सभेत मी ठेकेदाराला गप्प करते, पण खोट्या धीराची सवय आम्हीच लावलेली, तिथे भाषण काय करणार? तो ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोर न अडखळता वळणावरून गेला पाहिजे, एवढाच पुरावा चालणार होता.

कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर घेतला, मागे आबांना बसवलं, डबा त्यांच्या मांडीवर, आणि राजारामपुरीतलं एक दुकान गाठलं. दुकान काचेचं. आत चपला काढून जायचं. दुकानदार माझ्याच वयाचा. त्यानं डब्याकडे बघितलं आणि एक बोटही न लावता हसला.

"ताई, ह्याचं वय झालंय. रिटायर माणसाला ऊस तोडायला लावताय तुम्ही."

रिटायर माणूस शेजारीच उभा होता. आबा म्हणाले, "पावणं, वय ह्याचं सांगतायसा का माझं?"

"तुमचं न्हाय ओ काका, तुम्ही जवान हायसा की!" असं म्हणून त्यानं आम्हाला एक नवा डबा दाखवला. त्यात निळे, जांभळे, हिरवे दिवे पळत होते. गणपतीच्या मंडपात एवढी रोषणाई असते. "ह्यात लाइटी हायत," तो म्हणाला. मी विचारलं, लाइटीनं ट्रक पळतो का? तो म्हणाला, पळतो म्हणजे, भारी वाटतं. मी म्हटलं, आमचा जुना उघडून तरी बघा.

"उघडून काय बघायचं? जुनं म्हटल्यावर आत जुनंच निघणार."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. आमच्या शहराचा निम्मा कारभार याच वाक्यावर चालतो. शाळा जुनी, पाडा. विहीर जुनी, बुजवा. उघडून कोण बघतंय? बघितलं तर दुरुस्त करावं लागेल, आणि दुरुस्तीचा फ्लेक्स लागत नाही. दुकानातच मी यावर बोलायला सुरुवात केली होती, पण आबांनी डबा उचलला आणि चपला घातल्या.

दुसरे तज्ज्ञ पुण्यात होते. माझा चुलत भाऊ, वयानं मोठा, मोठ्या कंपनीत इंजिनिअर. आमच्या घराण्यात कुणाचा मिक्सर बिघडला तरी यालाच फोन जातो. त्यानं पुण्यात बसूनच आमचा कॉम्प्युटर ताब्यात घेतला, पडद्यावर बाण आपोआप फिरायला लागला, आई लांबूनच हात जोडून बघत होती. दादानं गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सावल्या काढल्या. ढग काढले. रस्त्याकडेची झाडं काढली. महापालिकेला जे करायला रस्ता रुंदीकरणाचा ठराव लागतो ते यानं एका क्लिकमध्ये केलं. शेवटी ट्रकाचे आरसेही काढले, कारण आरशात तेच चित्र पुन्हा काढायला मशीनला कष्ट पडतात म्हणे.

"आता बघ कसा पळतोय," दादा फोनवर म्हणाला.

माझ्याकडून ट्रक थोडा बरा पळाला. मी आबांना हाताला धरून आणून बसवलं. त्यांनी गियर टाकला, सवयीनं उजवीकडे बघितलं आणि ब्रेक दाबला.

"आरसा कुठाय?"

"दादानं काढलाय. वेग वाढावा म्हणून."

"आरसा काढून वेग?" आबांनी फोनकडे तोंड करून आवाज चढवला. "आरं, पुण्यात चालवत असतील तशी. आरशाबिगर गाडी मी मेलो तरी काढणार न्हाय!"

दादा तिकडून "काका, तुम्ही ट्राय तर करा" वगैरे म्हणत होता. मी फोन बंद केला. आबा पडद्याकडे एकटक बघत होते. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "कडंला झाडं हुती न्हवं ह्या रस्त्याला? का मलाच दिसंनात?"

मी तिथल्या तिथे सगळी झाडं परत लावली, आरसे बसवले, ढग सोडले. आबा तोवर उठून दारातल्या खुर्चीत जाऊन बसले होते. उसाची ट्रॉली गेली, तिचा ड्रायव्हर भलत्या गियरमध्ये होता, तरी काही बोलले नाहीत.

मग मी स्वतःच त्या मशीनपुढे ठाण मांडलं. ट्रक काढायचा, चालवायचा, बंद करायचा, पुन्हा काढायचा. एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी पहिल्यांदा सुरू केला की ट्रक लोण्यासारखा पळतो. ठसके थोड्या वेळानं सुरू होतात. म्हातारपण काय थोड्या वेळानं येतं का? डब्याच्या कपाटात हात घातला आणि चटकन मागे घेतला. भाकरी भाजता आली असती. आमचा डबा टेबलाखालच्या लाकडी कपाटात, दार लावून, वर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला. मे महिन्यात शाल घेतलेल्या माणसासारखा.

डबा अंगणात आणला आणि बाजूचा पत्रा उघडला. आई वाकून बघायला आली.

आत कुंकू होतं.

म्हणजे धूळही होती, पण ती लाजून मागे बसलेली. पुढे होतं कुंकू, हळद, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, अक्षता आणि अगरबत्तीची राख. या सगळ्याचा चिकट लगदा होऊन तो पंख्याच्या पात्यांना आणि खालच्या जाळीला लिंपलेला. पंखा फिरत होता, पण वारा कुठून घेणार? मशीन तापायचं आणि जळून जाऊ नये म्हणून आपलं आपणच हळू चालायचं. कपाटाच्या कोपऱ्यात एक काळं, वाळून खडखडीत झालेलं लिंबूही निघालं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, औजारं, गाड्या पुजतात. आबा टँकरची पूजा करायचे ती आख्ख्या गल्लीनं बघावी अशी: मूठमूठ कुंकू, बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू. टँकर गेला, पण पूजा गेली नाही. ती टँकरच्या मापातच या डब्यावर आली. हवा आत घ्यायच्या जाळीवर दर वर्षी हळदीकुंकवाची बोटं उठायची, वर हार पडायचा, समोर धूप फिरायचा, आणि पंखा प्रसाद समजून सगळं आत ओढून घ्यायचा. मशीनला चाक नाही म्हणून लिंबू पायाशी ठेवलेलं.

मला पत्रकाचा मथळा सुचायला लागला होता. 'श्रद्धेनं कोंडला यंत्राचा श्वास!' आई म्हणाली, "बया, ते देवाचं हाय, पायाखाली सांडू नगो," आणि माझ्याच एका जुन्या पत्रकावर तिनं तो लगदा गोळा केला. फुटपाथवरच्या अतिक्रमणाचा माझा निषेध पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला.

निषेधाचे बोर्ड रंगवायच्या ब्रशनं मी पाती झाडली, जाळी पुसली. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी एक पेस्ट असते, ती वाळून खडू झाली होती. ती खरवडून नवी लावली. डबा कपाटाबाहेर उघड्यावर ठेवला. मग आबांना हाक मारली आणि पत्रकावरचा तो लाल-पिवळा ढीग त्यांच्यापुढे धरला. मला गोड बोलता येत नाही.

"आबा, तुमच्या पूजेनं ह्याचा जीव कोंडला हुता."

आई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. आबांनी ढिगात बोट घातलं, चोळलं, एक पाकळी काढून उन्हात धरली. वाटलं, आता देवाधर्मावरून माझा उद्धार होणार.

"म्हंजे डोळा न्हवं?"

"न्हवं."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतीयास."

"बसा आणि बघा."

माळ्यावरून स्टिअरिंग उतरलं. आबा बसले, पाया पडले, गाडी काढली. गाव मागे पडलं, पूल गेला, चढ लागला. मी आणि आई मागे उभ्या. पहिलं वळण आलं तसं आबांनी स्टिअरिंग आवळून धरलं. ट्रक वळला. चित्र अडखळलं नाही, थांबलं नाही. दुसरं वळण, तिसरं, आणि मग मी मोजायचं सोडलं. डबा बराच वेळ चालला आणि हाताला नुसता कोमट लागत होता. आबांनी एक हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला. मग समोरच्या गाडीला चढावर, वळणावर, भलत्या बाजूनं ओव्हरटेक मारायला गेले आणि ट्रक दणकन दरीच्या कठड्यावर घातला.

आईनं तोंडावर पदर धरला.

आबा मागे वळले. तोंडभर हसत होते. "ह्यो माझा माज! डोळ्याचा काय संबंध न्हाय ह्यात. धडधडीत दिसत हुतं की मला कठडा."

आणि ट्रक मागे घेता घेता, उजव्या आरशात बघत, आईला म्हणाले, "त्या डोळ्याच्या डॉक्टरला फोन लाव गं. दाखवून येऊ एकदा."

इतके दिवस विनवण्या करून जो माणूस हलला नाही, तो आपल्याला काही झालेलं नाही अशी खात्री पटल्यावर डॉक्टरकडे निघाला. हे काय तर्कशास्त्र आहे म्हणून मी तोंड उघडलं होतं, पण आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलं, आणि ती फोन शोधायला आत पळाली, आबांचं मत बदलायच्या आत.