आक्काची काहील

आजवर हे माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा मी हे सोडून बाकीचंच बोलत आलो. आणि आज — कधी एकदा सांगून टाकतो असं झालंय. शाळेत बक्षिसाला नाव पुकारायच्या आधी जसं व्हायचं, तसं होतंय. आपला गुन्हा सांगताना कुणाला असं होतं का? मला होतंय खरं.

मी बेळगावजवळच्या मच्छ्याचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. बेळगावात चित्रकला शिकवतो, स्वतःही चित्रं काढतो. माझ्याबद्दल कुठं छापून आलेलं तुम्ही वाचलं असेल, तर त्यातली एक गोष्ट तुमच्या लक्षात राहिलीच असणार. सगळ्यांच्या राहते. ती गोष्ट — थांबा. तिच्यापर्यंत जरा वळणानं जाऊ द्या. सरळ जायचं धाडस असतं, तर इतकी वर्षं लागली असती का?

निपाणीला आम्हा चित्रकारांचं एक शिबिर भरलं होतं. अभयच्या चुलत्याची तंबाखूची वखार रिकामी होती, तिथं. अभय म्हणजे निपाणीच्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा. लहानपणापासून पोत्यांवर लोळलेला, त्यामुळं त्याच्या चित्रांत सगळीकडं सुतळीचे टाके. बेळगावची नाझनीन बांगड्यांच्या दुकानात वाढलेली. तिला सरळ रेघ म्हणून माहीत नव्हती, जे काढेल ते गोलच. वखार रिकामी असली तरी भिंतींनी तंबाखू पिऊन ठेवला होता. पहिल्या सकाळी आम्ही सगळे शिंकत होतो, शिंकता शिंकता हसत होतो, आणि एकमेकांची चित्रं बघून — काय सांगू! असं वाटायचं, अरे, असंही करता येतं? मग मी इतके दिवस काय करत होतो?

आणि रत्नव्वा आक्का. मुडलगीकडच्या एका खेड्यातली, माझ्याहून बरीच मोठी. अंगणवाड्यांच्या भिंती रंगवता रंगवता कुण्या मास्तरांनी तिच्या हातात कॅनव्हास दिला होता. मराठी तिला येत नव्हतं. मला मात्र कानडी येत होतं. मराठी शाळेत शिकलो तरी कानडीच्या बाईंनी ते घोटून घेतलं होतं. त्या बाईंचे उपकार मी कधी विसरलो नाही. त्याचा उपयोग मी कशासाठी केला, ते आता येईलच.

आक्का फक्त पिवळा लावायची. पण तो एक पिवळा नव्हता हो! खाली हिरवट, मळकट, त्यावर फिका, त्यावर मधासारखा, मग एकदम तांबूस सोनेरी. थर लावायचा, मागं सरायचं, उकिडवं बसायचं आणि बघत राहायचं. आणि मग अचानक उठायचं, ब्रश धुवायचा. चित्र संपलं!

मला तेच कळत नव्हतं. चित्र कधी थांबवायचं? चित्र काढणाऱ्या कुणालाही विचारा, खरा प्रश्न हाच असतो. माझी चित्रं नेहमी एक हात जास्त फिरून करपायची. ही बाई कशी थांबते? एकदा विचारलं, तर हसली. म्हणाली, "सांगीन कधीतरी, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

ते कधीतरी आलं पुण्यात.

शिबिरातली चित्रं तिथं मांडली होती. आमच्यातल्या कितीजणांनी पुणं पहिल्यांदाच पाहिलं! शेवटच्या संध्याकाळी भरलेल्या सभागृहात एक बाई प्रत्येकाला माइक देऊन विचारत होत्या, तुमच्या चित्रामागची प्रेरणा काय? अभय सुतळीबद्दल बोलला, लोक हसले, तो खाली उतरून दाराशी जाऊन उभा राहिला. मग रत्नव्वा आक्का. तिचं बोलणं मराठीत सांगायला शेजारी मी. त्यानंतर माझा नंबर.

मी माझं पाठ करून आलो होतो. आप्पांबद्दल सांगणार होतो. आमचे आप्पा मच्छ्यातल्या एका कारखान्यात यंत्रांना रंग मारायचे. एकच रंग — यंत्राचा हिरवा. कितीही घासलं तरी नखांतून निघायचा नाही. पांढऱ्या भाकरीवर आप्पांची हिरवी नखं, हा मी पाहिलेला पहिला रंग. बरं होतं ना हे? आज वाटतं, बरं होतं. त्या दिवशी त्या दिव्यांखाली ते फार किरकोळ वाटायला लागलं. कारखाना, ऑइलपेंट — यात कसली आलीय प्रेरणा?

आक्का बोलायला लागली. सगळं कानडीत, माझ्याकडं बघून.

म्हणाली, माझे अप्पा गुळव्या होते. गुऱ्हाळात मोठ्या कढईपुढं, म्हणजे काहिलीपुढं, उभं राहून रस आटवायचा, आणि गुळाला आला की सांगायचं, हे त्यांचं काम. पण धुरानं, वाफेनं त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. सगळं राखेसारखं दिसायला लागलं. हे कळलं असतं तर कुठल्या ऊसवाल्यानं आपलं आदण, तो काहीलभर रस, त्यांच्या हाती दिलं असतं? म्हणून अप्पा मला बरोबर न्यायचे. मी त्यांच्या मागं उभी राहायची आणि काहिलीतला रंग बघायची. हिरवट रस पिवळा व्हायचा, पिवळ्याचा मध व्हायचा. ओरडून सांगायची सोय नव्हती. मग मी अप्पांच्या सदऱ्याचं टोक ओढायची. एकदा ओढलं की जाळ कमी करा. दोनदा ओढलं की उतरवा. 'बण्ण तिरुगितु' — रंग वळला. अप्पांचा गूळ कधी करपला नाही. लोक म्हणायचे, काय नजर आहे! आता अप्पा नाहीत, म्हणून पहिल्यांदा सांगतेय. मी चित्र काढत नाही, तम्मा. मी रंग वळायची वाट बघते. कोणीतरी सदरा ओढतं, मी थांबते.

सांगताना तिनं स्वतःच्या पदराचं टोक दोनदा ओढून दाखवलं.

माझ्या अंगावर काटा आला. ही — ही होती ती गोष्ट! माझ्या प्रश्नाचं उत्तर! त्या सभागृहात ते फक्त मला कळलं होतं, बाकी सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि मी तोंड उघडलं.

"आक्का म्हणतात की गावाकडचा निसर्ग, हिरवीगार शेतं आणि आईवडलांचे संस्कार हीच त्यांची प्रेरणा आहे."

टाळ्या पडल्या. सभ्य, थोड्या. आक्कानं डोळे पुसले आणि हात जोडले. तिला वाटलं, तिचे अप्पा लोकांपर्यंत पोचले.

मग माइक माझ्याकडं आला. आणि मी म्हणालो — आता लिहूनच टाकतो — मी म्हणालो, "माझे वडील गुळव्या होते. त्यांना रंग दिसत नव्हते."

सगळं सांगितलं. राख, जाळ, आदण. स्वतःच्या शर्टाचं टोक दोनदा ओढूनसुद्धा दाखवलं. सभागृहात टाळ्या, टाळ्या, टाळ्या! माइकवाल्या बाईंचे डोळे भरून आलेले. खोटं कशाला बोलू? मला त्या क्षणी लाज वाटली नाही. मला आनंद झाला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. कबूल करायला सगळ्यात जड हेच आहे.

आक्कासुद्धा टाळ्या वाजवत होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तम्मा, तू नंतर परत माझंच सांगत होतास ना? शर्ट ओढून दाखवलास."

"व्हय आक्का," मी कानडीत म्हणालो, "लोकांना आवडलं, म्हणून परत सांगितलं."

ती केवढी खूश झाली! माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं.

अभयला दोन्ही भाषा येत होत्या आणि तो दाराशी उभा होता. परतताना गाडीत हळूच म्हणाला, "काय रं, आक्काची काहील तुझ्या शेतात कवा आली?"

"आमच्याकडंबी गुऱ्हाळ हुतं की."

"मच्छ्यात?"

मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

"तुझं तू बघ बाबा," तो म्हणाला. पुन्हा कधी त्यानं विषय काढला नाही, आणि हळूहळू मला फोन करणंही सोडलं.

पुढं सगळं वेगानं झालं. पेपरात आलं, कॉलेजात शिकवायला घेतलं, बोलावणी आली. प्रत्येक ठिकाणी लोक तीच गोष्ट मागायचे आणि मी सांगायचो. आधी मी काहिली कधी रंगवल्या नव्हत्या, मग त्याही रंगवायला लागलो. आयुष्यात गुऱ्हाळात गेलो होतो ते काकवी आणायला.

पेपर आप्पांना शेजाऱ्यानं वाचून दाखवला. संध्याकाळी घरी गेलो, तर ते कट्ट्यावर बसून सुईत दोरा ओवत होते. मला दिसेल असा सुईचा डोळा वर धरला.

"मला रंग दिसत न्हाईत व्हय रं?" म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. उद्यापासनं कामावर जायाला नगो. आनि गुळव्या कवा झालतो मी?"

मी म्हणालो, "आप्पा, चित्राच्या धंद्यात असं सांगावं लागतंय."

ते जरा वेळ आपल्या नखांकडं बघत राहिले. "असंल बाबा. शिकलेला तू." मग सुई सदऱ्याला टोचून आत गेले.

तिथंही मी थांबलो नाही. थांबायचं कधी, हे ज्यानं चोरून आणलं, त्याला ते वापरता मात्र आलं नाही!

आता अलीकडचं. बेळगावात आमच्या भागातल्या चित्रकारांचं एक प्रदर्शन भरलं. रत्नव्वा आक्का आली होती. आणि तिची चित्रं! पिवळा मागं पडला होता. काहिलीखालच्या चुलवाणातल्या जाळाचा आतला निळा आला होता, असा निळा मी जन्मात पाहिला नव्हता. मी त्या चित्रापुढं लहान पोरासारखा उभा होतो. सगळं विसरून नुसता बघत होतो.

मग बोलायची वेळ आली. आता तिला दुभाष्याची गरज नव्हती. सून निपाणीकडची, तिच्याशी बोलून बोलून आक्का मराठी शिकली होती. माइक घट्ट धरून म्हणाली, "माझा अप्पा गूळ करत होता. त्याला डोळा कमी. मी मागं उभा राहून सदरा वढत होती."

माझ्या वर्गातला एक मुलगा पुढं बसला होता. गुणी पोरगा, माझ्यावर जीव असलेला. तो उभा राहिला. "मॅडम, ही तर आमच्या सरांची गोष्ट आहे. तुम्ही त्यांच्याकडून घेतली का?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "सरांचं समदीकडं छापलंय की, बघितलं असंल!"

आक्का गोंधळली. आधी त्या मुलाकडं बघितलं, मग हसणाऱ्या लोकांकडं. मग तिला मी दिसलो. आणि मला दिसत होतं, पुण्याची ती संध्याकाळ तिच्या चेहऱ्यावर एकेक थर उलगडत होती.

मी उठलो. वाटलं, आता! आता बोलायचं! सगळे माझ्याकडं वळलेले. मी हसलो आणि म्हणालो, "असू दे रे. आपल्या भागात गुऱ्हाळं लई. अशा गोष्टी घरोघरी असतात."

टाळ्या पडल्या. माझ्या मनाच्या मोठेपणासाठी! माझी चोरी एकवेळ चोरी होती. या वाक्यानं मी तिच्या अप्पांना घरोघरी वाटून टाकलं.

आक्कानं माइक खाली ठेवला.

निघताना दाराशी गर्दी झाली होती. ती सुनेचा हात धरून माझ्या मागून येत होती. मी वळून बघितलं नाही. आणि माझा शर्ट ओढला गेला. टोकाला, हलकेच. मग परत एकदा. वळेपर्यंत ती पुढं निघून गेली होती.

गर्दीत चुकून ओढला असेल का? नाही. चूक एकदा होते.

आदण उतरवायची वेळ झाली की गुऱ्हाळात सगळ्यांची एकच धांदल उडते, असं आक्कानं पुण्यात सांगितलं होतं. तीही मी माझी म्हणून सांगत आलोय. आज पहिल्यांदा ती खरंच माझी आहे, आणि हात लिहायला पुरत नाहीत.

माझे आप्पा कधीच गुळव्या नव्हते. त्यांना आजही सगळे रंग दिसतात. गुळव्या होते ते रत्नव्वा आक्काचे अप्पा. त्यांच्या मागं उभी राहून सदरा ओढणारी पोर रत्नव्वा होती. मी तिथं नव्हतो.