अकरा झाडांची मुळं

भिंतींना कान असतात म्हणे. पण त्या खोलीत मधे भिंतच नव्हती, फुलाफुलांचा एक पडदा होता, आणि कान होते ते पडद्याअलीकडे आडव्या झालेल्या सासूचे. रविवारची दुपार. तिचे डोळे मिटलेले, कान सताड उघडे. पलीकडे लेक आणि सून भांडत होते, तेही कुजबुजत. कुजबुजून भांडलं की शब्द उलट जास्तच ऐकू येतात, हे नवराबायकोला जन्मात कळत नाही.

"तिथं आई काय करणार? ना ओळख ना पाळख. तिला मामाकडे ठेवू. त्याच्या स्वयंपाकघरात एक वळकटी सहज मावेल."

"वळकटी मावेल हो. माणसाचं काय?"

"अगं, जन्म गेला तिचा या शहरात. तिथं नेली तर झुरणीला लागेल."

"अहो, तीन महिने नेऊन तर बघू. नाही रमल्या तर परत आणून सोडू. मग तर झालं?"

पुढंही काही बोलणं झालं, पण ते सासूनं ऐकलं नाही. 'परत आणून सोडू' इथंच तिचे कान थांबले. कारण 'परत' म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! एकोणतीस वर्षं तिनं शर्टाच्या कारखान्यात धागे कापले होते. शिवून आलेल्या शर्टाला बाहेर लोंबणारे सुटे धागे असतात, ते बारक्या कात्रीनं नेमके कापायचे, शिवणीला धक्का न लावता. दिवसाला शेकड्यांनी शर्ट. तिच्या गळ्यात नाडीला बांधलेली कात्री कायम लोंबायची, म्हणून सगळ्या तिला कात्रीच म्हणत. एखाद्या शर्टावर धागा राहिला तर मुकादम खडूनं फुली मारून अख्खा गठ्ठा परत टेबलावर आपटायचा. आता कारखाना बंद पडला होता, नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्याच पाठीवर खडूची फुली उमटते की काय, असं तिला वाटलं.

मुलगा वायरमन. त्याला लांबच्या एका कॉलेजच्या गावात नोकरी लागली होती, राहायला दोन खोल्यांसकट. कात्रीनं मुकाट्यानं एका पत्र्याच्या पेटीत आपलं सामान भरलं आणि निघाली. नव्या घरी पोचल्यावर मात्र तिनं पेटी उघडली नाही. लागेल ते वरवर काढायची आणि झाकण लावून पेटी कॉटखाली ढकलायची. परत जायचंच आहे तर पसारा कशाला?

पहिल्या सकाळी तिला जाग आली ती शांततेनं. शहरात तिच्या खिडकीखाली बसथांबा होता, पहाटेपासून हॉर्न. इथं काहीच नाही. तिला वाटलं आपल्याला ऐकू येईनासं झालं. मग खूप लांब एक दार लागल्याचा आवाज आला, एक, नुसता एक, आणि तो संपेपर्यंत दुसरा आला नाही. ती अंथरुणात बसूनच राहिली. आवाज संपतोसुद्धा, हे तिला साठीला टेकल्यावर कळत होतं.

बाहेर पडली तर आणखीच नवल. रस्त्यानं जाणाऱ्या ज्याच्या त्याच्या काखेत पुस्तक. एक पोरगी तर सायकलवर बसून तोंडानं काहीबाही पाठ करत चालली होती, आणि समोरचा टेम्पोवाला तिच्यावर खेकसायचा सोडून स्वतःच बाजूला झाला. शहरात असा टेम्पोवाला सापडला असता तर लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं. दुधाच्या दुकानातली बाई म्हणाली, "आमच्या गावात एक मजा आहे बघा. पोरं कधी म्हातारी होत नाहीत. दरवर्षी तेवढीच, त्याच वयाची. म्हातारे होतो ते आपणच." कात्रीनं रस्त्याकडे पाहिलं. खरंच होतं की!

पण नवलानं दिवस जात नाही. घरातलं काम सून उरकायची, मुलगा कॉलेजात. कात्रीचे हात नुसते मांडीवर. हातांना काम नसलं की डोकं नको ते काम काढतं. रोज ती एकच हिशेब करी, तीन महिन्यांतले किती दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी मुलगा डबा विसरला. ती द्यायला निघाली आणि कॉलेजात वाट चुकली. एका लांबच लांब व्हरांड्याच्या टोकाला दार उघडं होतं, आतून डांबरगोळ्यांचा वास येत होता. डोकावली तर चष्मा लावलेली एक बाई जाड पांढऱ्या कागदावर वाळकी फांदी सुईदोऱ्यानं शिवत बसलेली. आणि शिवत होती तरी कशी! टाका हा एवढा, गाठ बोराएवढी.

कात्रीला राहवलं नाही. "अगं बाई, त्या फांदीला फाशी देताय की काय?"

बाईंनी वर पाहिलं. रागावल्या नाहीत. "मग तुम्ही दाखवा," म्हणाल्या.

कात्रीनं डबा खाली ठेवला, सुई घेतली, तीन टाके घातले. गाठ कागदाच्या पाठीमागे, वरून दोरा दिसतोय न दिसतोय असा. बाईंनी कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग एकच विचारलं, "मावशी, उद्यापासून याल?"

त्या झाडांच्या बाई. कॉलेजात झाडं शिकवायच्या, आणि वाळवलेल्या झाडांची ती खोली त्यांच्या ताब्यात होती. मुलगा त्या दिवशी उपाशी राहिला, पण आईला काम लागलं.

खोलीत छतापर्यंत लोखंडी कपाटं होती. बाईंनी पहिल्या दिवशी एक उघडून कागद काढला. त्यावर एक रोपटं, मुळापासून शेंड्यापर्यंत, आणि कोपऱ्यात फिकट शाईची चिठ्ठी. "हे उपटलं त्याला एकशे सोळा वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

कात्रीच्या आजीचा जन्म त्यानंतरचा. ती वाकून बघत राहिली. पानावर अजून बारीक लव होती. एका कडेला किड्यानं कुरतडलेलं होतं, अगदी नखाएवढं. आजी, आई, ती स्वतः, मुलगा, चार पिढ्या झाल्या आणि त्या किड्याचं अर्धवट जेवण तसंच! एकोणतीस वर्षांत तिच्या हाताखालून लाखांनी शर्ट गेले, त्यातला एकही पुन्हा दिसला नाही. कुणी घातला, कुठं फाटला, देव जाणे. आणि इथं एक पान जागचं हललं नव्हतं. तिनं नकळत हात जोडले. कुणाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

काम पाहता सोपं. बाई आणि त्यांचे विद्यार्थी रानोमाळ हिंडून झाडं आणत. ती टीपकागदात घालून, लाकडी जाळ्यांच्या मधे ठेवून, पट्टे आवळून दाबायची. टीपकागद ओल शोषतात, म्हणून ते रोज बदलायचे, ओले गच्चीवर वाळवायचे. एक दिवस चुकला तर झाडाला बुरशी. पुरी वाळली की कागदावर शिवायची. गच्चीवर वारा फार, कागद उडून जात. चार दिवस कात्री त्यांच्यामागे धावली. पाचव्या दिवशी घरी येऊन तिनं कॉटखालची पेटी ओढली, आतलं सगळं सुनेच्या कपाटात कोंबलं आणि रिकामी पेटी कॉलेजात नेली. कागद न्यायला-आणायला झाकणाची पेटीच बरी. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. सुनेच्या आलं.

आणि मग पन्नासाव्या दिवशी कात्रीनं घोटाळा केला.

बाई परगावी गेल्या होत्या. शिवायला गवतासारखी अकरा झाडं काढून ठेवलेली. कात्रीनं पाहिलं तर प्रत्येकाच्या बुडाला केसांसारखे धागे लोंबताहेत, गुंतलेले, वाकडेतिकडे. तिच्या डोळ्यांत मुकादम उभा राहिला. गळ्यात अजूनही लोंबणारी कात्री आपोआप हातात आली. कर्र, कर्र. तासाभरात अकराच्या अकरा झाडं अशी साफ, जणू परदेशी जायला निघालेली. नीट शिवून, ओळीनं मांडून ती शाबासकीची वाट बघत बसली.

बाई आल्या. पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला. खुर्चीवर बसल्या.

"मावशी, मुळं कुठं गेली?"

"मुळं आहेत की. लोंबणारे धागे तेवढे काढले."

बाई हळू आवाजात सांगू लागल्या. या गवताच्या दोन जाती. वरून पाहिल्या तर जुळ्या बहिणी. फरक फक्त त्या धाग्यांत. एकीच्या धाग्यांना मोहरीहून बारीक गाठी असतात, दुसरीच्या नाहीत. पुन्हा आणावं म्हटलं तर ज्या तळ्याकाठी ते उगवायचं ते तळं बुजवून रस्ता झाला होता.

कात्रीला मुकादमाची शिवी परवडली असती. आता पेटी परत भरायची, मामाकडची वळकटी, संपलं. तिला रडूही येईना. पण एकोणतीस वर्षांची एक खोड तिला होती. कारखान्यात गठ्ठा तपासून पास होईपर्यंत कापलेले धागे टाकायचे नाहीत, पुडीत ठेवायचे. न जाणो, मुकादम म्हणाला की तू शिवणच कापलीस, तर दाखवायला असावेत. तिनं पिशवीत हात घातला आणि कागदाची पुडी टेबलावर ठेवली.

"गठ्ठा अजून पास झाला नव्हता," ती म्हणाली.

बाईंनी पुडी उघडली. आत अकरा झाडांच्या मुळांचा गुंता, चिमणीच्या घरट्यासारखा. "यातलं कुठलं कुणाचं, कसं कळणार मावशी?"

"धाग्याला धागा लावणं हेच तर केलंय जन्मभर. पांढऱ्या दोऱ्याच्या सतरा छटा असतात बाई. मला भिंग द्या आणि दार लावून घ्या. वारा नको."

चार दिवस ती त्या टेबलापाशी होती. एकेक केस चिमट्यानं उचलायचा, रंग बघायचा, जाडी बघायची, कात्रीनं कुठल्या तिरप्यात कापला ते बघायचं, आणि बुडख्याशी नेऊन जोडून बघायचा. तिरपा जुळला की डिंकाचा ठिपका. जेवायला उठायची नाही. सून डबा घेऊन यायची, श्वास रोखून बाजूला उभी राहायची. एकदा ती शिंकली तर कात्री म्हणाली, "सूनबाई, दोन झाडं नेलीस की गं शेजारच्या राज्यात!"

चौथ्या संध्याकाळी नऊ झाडं पुरी झाली. बाईंनी भिंगातून एकेक तपासलं. गाठीवाली सहा, बिनगाठीची तीन. कापल्याची रेघसुद्धा कष्टानं दिसत होती. बाईंचा आवाजच बदलला. "हे मला जमलं नसतं," त्या म्हणाल्या. "कुणालाच जमलं नसतं."

"दोघांचं जुळत नाहीय. उगाच चिकटवू का?"

"अजिबात नाही." बाईंनी तो एकशे सोळा वर्षांचा कागद पुन्हा काढला. कोपऱ्यात एक छोटं पाकीट चिकटवलेलं होतं, कात्रीनं ते आधी पाहिलं नव्हतं. आत पानाचे दोन कपटे. "जे तुटतं तेही ठेवायचं. इथून काही बाहेर जात नाही."

उरलेल्या धाग्यांचं पाकीट झालं. मग बाईंनी दौत घेतली आणि अकराही चिठ्ठ्यांवर लिहिलं की मुळं चुकून कापली गेली, नऊंची जोडली, दोनांची खात्री नाही. आणि कापणाऱ्या, जोडणाऱ्या हातांपुढे तिचं नाव, रेशनकार्डावर असतं तसं पुरं.

कात्रीनं डोळे विस्फारले. "म्हणजे माझी चूक शंभर वर्षं राहणार?"

"शंभर तरी. आणि दुरुस्तीही."

ती अक्षरं ती किती तरी वेळ बघत होती. दोन इयत्ता शिकलेली बाई, स्वतःचं नाव तेवढं वाचता यायचं. संसारात कमी का चुका केल्या, पण इतक्या सुबक अक्षरात कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. अजून जन्मायचं असं कुणी एक दिवस हे कपाट उघडेल आणि म्हणेल, कोण होती ही? तिच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी मुलगा चहा घेताना उगाच घुटमळत होता. "आई, आज तीन महिने झाले."

"ठाऊक आहे. पेटी हवी असेल तर कॉलेजात आहे. पण तिच्यात कागद आहेत. आणि मी गेले तर उद्याचे कागद कोण बदलणार?"

"पण तीन महिन्यांचं तुला कुणी सांगितलं?"

"पडदा होता, पोरा. भिंत नव्हती."

सून खळखळून हसली. "अहो आई, मग पुढचंही ऐकलंत ना? मी यांना म्हटलं होतं, परत सोडायची वेळ आलीच तर तुम्ही दोघं मायलेक मिळून जा, आणि तुम्हीही तिथंच राहा. ते ऐकून यांचं तोंड एवढंसं झालं होतं."

कात्रीनं मुलाकडे पाहिलं. तोंड आताही एवढंसंच होतं.

सोळा वर्षं ती त्या खोलीत गेली. बाईंचे केस पांढरे झाले. पोरं तेवढी त्याच वयाची राहिली. नवी आली की कात्रीमावशी त्यांना आधी ते अकरा कागद दाखवायची, न लाजता. "दिसला धागा की काप, असं करू नका. आधी विचारा. मी विचारलं नव्हतं."

मग एक दिवस आला, तो शेवटचा आहे हे ना तिला ठाऊक होतं ना कागदांना. सकाळी ती पेटी घेऊन गच्चीवर गेली, मधे दोनदा टेकली. टीपकागद पसरले, त्यांवर दगड ठेवले. दुपारी उलट्या हातानं एकेक चाचपून पाहिला, वाळले ते पेटीत भरले, दोन दमट वाटले ते उन्हातच ठेवले. खाली येऊन जाळ्या उघडल्या, ओले कागद काढले, कोरडे घातले. एका पिवळ्या फुलाची पाकळी दुमडली होती, ती नखानं सरळ केली. जाळ्या मिटल्या, वर गुडघा रोवला आणि पट्टा आवळला, आणखी एक भोक.

"आवळला का मावशी?" बाईंनी टेबलावरून विचारलं.

"आवळला. गच्चीवर दोन कागद राहिलेत, उद्या आणते," म्हणत तिनं कात्री खिळ्याला अडकवली.