आईचा सोडलेला पट्टा

मला विमानाची भीती वाटते, हे आमच्या घरात वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होता. दादा त्यात सगळ्यात पुढे. तो तीस वर्षं बोटीवर नोकरीला होता. लाटा काय असतात ते तुम्हाला काय ठाऊक, असं तो येईल त्याला ऐकवायचा.

त्याच्या मुलीच्या बाळाचं बारसं बंगळूरला होतं. आषाढ होता, आभाळ भरलेलं. आमच्या मसुऱ्याहून गाडीने मोपाच्या विमानतळावर गेलो आणि तिथून विमानात बसलो. मला खिडकी नको होती, दादाने मुद्दाम तिथेच बसवलं. मध्ये आई, कडेला तो.

घाट ओलांडताना विमान हलायला लागलं. पट्ट्याचा दिवा लागला. हवाई सुंदरी येऊन प्रत्येकाचा पट्टा बघून गेली. आईची कुरकूर चालूच होती, पट्टा पोटात रुततो म्हणून. ती मुलगी पुढे गेल्यावर दादा वाकला आणि त्याने आईचा पट्टा सोडला.

"दादा, लाव तो. दिवो पेटलेलो आसा," मी म्हणाले.

"काय जावचा नाय गो. तू तुझो धरून बस," तो हसत म्हणाला.

मी पुन्हा सांगायला हवं होतं. हात घालून स्वतःच लावायला हवा होता. पण भित्री म्हणून हसतील, या लाजेने गप्प बसले. त्याचा राग मला आजही स्वतःवर येतो.

पुढच्या दोन-तीन मिनिटांत विमान एकदम खाली गेलं. पट्टा माझ्या मांड्यांत रुतला. आई मात्र सीटवरून सरळ वर उचलली गेली, तिचं डोकं वरच्या कप्प्यावर आपटलं आणि ती सीटच्या हात टेकायच्या दांड्यावर वेडीवाकडी पडली. ती ओरडली नाही. "हात, हात," एवढंच म्हणत राहिली. उजवं मनगट मोडलं होतं.

दादा पांढराफटक पडला होता. त्याचा स्वतःचा पट्टा घट्ट होता, हे मी तेव्हा पाहिलं.

हलणं थांबल्यावर ती हवाई सुंदरी धावत आली. आईच्या हाताला आधार बांधता बांधता तिने मला हळू आवाजात सांगितलं, की असल्या हवेने विमान सहसा पडत नाही, पडतात ती आतली सुटी माणसं. म्हणून दिवा नसला तरी पट्टा लावलेलाच ठेवायचा. इतकी साधी गोष्ट. दादाच्या बोटीवरच्या तीस वर्षांत ती कुठे बसलीच नव्हती.

बारसं आम्ही दवाखान्यातून फोनवर बघितलं. तेही मी गिळलं असतं. पण चतुर्थीला सगळे जमले आणि दादा ओटीवर बसून किस्सा सांगू लागला. विमान दगडासारखं कसं कोसळलं, पायलट कसा नवशिका होता, आणि मी कशी बोंबलत होते. पाहुणे हसत होते. प्लॅस्टर काढलेला हात पदराखाली घेऊन आई तिथेच बसली होती.

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आयेचो पट्टो कोणी सोडलो ता पण सांग," मी म्हणाले. "तुझो बांधलेलो होतो. तिचो तू सोडलंस."

दादा उठून अंगणात गेला. त्याने माफी मागितली नाही, आजपर्यंत नाही. उलट आईच माझ्यावर बिघडली.

"तेना काय मुद्दाम केल्यान? चार माणसांत बोलायचा होता?"

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मुद्दाम केलं नाही हे मलाही कळतं. पण माझं ऐकलं नाही ते चेष्टेपोटी, आणि वर खोटं रचलं. मोडला तो हात आईचा, आणि जपायची ती त्याची अब्रू!

पाचव्या दिवशी ती फणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. त्या हाताने तिला आता वेणी घालता येत नाही. मी केस विंचरले. वेणी घातली, पण माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता.