दोरी खाली घ्यायचं वय

वनजाबाईंचं घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. रंगकाम कधीच बंद पडलं, पण पन्नाशी उलटली की घरच्या बाईने कपडे वाळवायची दोरी हातभर खाली घ्यायची, ही चाल बोगादीच्या नव्या घरातही आली. सासूबाई कमरेत वाकल्या होत्या, त्यांच्या सासूबाईही. आता वनजाबाईंचेही खांदे भरून येत, म्हणून त्यांनी दोरीची गाठ सोडायला घेतली.

"राहू द्या, अत्ते," सून सौम्या म्हणाली. "हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, पण अजून सावरता येतील, असं परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना? नाचणी, दूध, उन्हात चालणं."

"अय्यो, आमच्या बायका वाकतातच गं. दूध पिऊन नशीब सरळ होतं होय?"

"कुणी पिऊन पाहिलंय?"

वनजाबाईंनी आठवून पाहिलं. कुणीच नाही. दूध पुरुषांच्या वाट्याला जाई, आणि उन्हाने रंग काळवंडतो म्हणून बायका सावलीतच बसत.

विश्वास काही बसला नाही, पण वाद घालायचंही त्राण नव्हतं. त्यांनी गाठ पुन्हा आवळली आणि ओली साडी वर टाकली. ती अर्धीच पलीकडे गेली. उरलेली ओढायला वनजाबाई हळूहळू चवड्यांवर उभ्या राहिल्या.