सहावा रकाना

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं विणकाम खात्यात उभं राहिलेला माणूस आता दिवसभर खिडकीशी बसून असायचा. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. सासूबाई गावी घर आणि माडांचं बघत असत. नवरा एका कारखान्यात पाळीवर. मी एका इंजिनिअरिंग कंपनीच्या हिशेब खात्यात कारकून होते, बी.कॉम. झालेली.

ऑफिसात तेव्हा शेअरची हवा होती. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी कोणाच्या तरी भावाकडून आलेली टीप सांगायचं आणि बाकीचे डबा तसाच ठेवून ऐकायचे. अशाच एका टिपेवर माझ्या पहिल्या दिवाळी बोनसची रक्कम गेली. ती कंपनी करते काय, हेसुद्धा मला नीट ठाऊक नव्हतं. रडू आलं, त्याहून जास्त लाज वाटली. बी.कॉम.ला आपण ताळेबंद वाचायला शिकलो ते कशासाठी, असं वाटलं.

मग मी कॉलेजची वही काढली आणि मोठ्या कागदावर पाच रकाने आखले. नफा सलग तीन वर्षं चढता हवा. कर्ज मालकांच्या स्वतःच्या पैशाच्या निम्म्याहून कमी हवं. लाभांश पाच वर्षांत एकदाही चुकलेला नको. शेअरचा भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या दहापटीच्या आत हवा. आणि पाचवा, पुस्तकी किंमत, म्हणजे देणी वजा जाता कंपनीच्या मालमत्तेतला एका शेअरचा वाटा. भाव त्याच्या फार वर नको. पाचही ठिकाणी बरोबरची खूण आली तरच विचार करायचा.

अडचण एकच, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणायचे कुठून. ते भागधारकांच्या घरी टपालाने यायचे. आमच्या घरी कुठून येणार?

"घाटकोपरला रद्दीवाल्याकडे बघ," नवरा चहा पिता पिता म्हणाला. "तिकडे गुजराती व्यापाऱ्यांची घरं. सगळ्यांकडे शेअर. वाचून झाले की रद्दीतच जात असणार."

मला नोकरीतून वेळ नव्हता. खिडकीशी बसलेले आबा म्हणाले, "मी जातंय."

पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीभर अहवाल आणले, वजनावर घेतलेले. त्यात दोन लग्नपत्रिकाही होत्या. पुढच्या आठवड्यापासून रद्दीवाला त्यांच्यासाठी गठ्ठा वेगळा ठेवू लागला. आबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून जायचे. गिरणी बंद पडल्यापासून सकाळी आठला दाढी केलेले आबा मी प्रथमच पाहत होते.

रविवारी दुपारी मी आकडे भरायला बसले की ते समोर बसत. "माका इंग्रजी येना नाय," ते म्हणाले, "पण आकडे सगळीकडे सारखेच ना गो?" मग मी त्यांना एका कार्डावर काही इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत काढून दिले आणि पुढे मराठीत अर्थ लिहिला: विक्री, शिल्लक माल, उधारी म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, घसारा म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी दर वर्षी नफ्यातून वजा होणारी रक्कम. ते कार्ड अहवालाच्या पानावर ठेवून शब्दाला शब्द जुळवत, बोट फिरवत. महिन्याभरात कार्ड लागेनासं झालं.

पुढच्या बोनसच्या सुमारास एक कंपनी पाचही रकान्यांतून पार पडली. कापडगिरणी होती. भाव नफ्याच्या जेमतेम चौपट, पुस्तकी किंमत भावाच्या दुप्पट. मला हर्ष झाला. मी दलालाला सांगायला निघणार, तर आबा म्हणाले, "ही नको."

"का? पाचही खुणा आहेत."

"घसारो बघ. एवढ्या मोठ्या गिरणीक एवढोच? म्हणजे माग जुने, नवीन घेवंक नाय. आणि शिल्लक माल बघ. गेल्या वर्षाच्या दीडपट. विक्री तितकीच. कपडो खपना नाय, गोदामात पडान आसा." मग ते म्हणाले, "आमचा असाच झाला. आधी गोदाम भरला, मगे पगार लांबले."

मी ऐकलं, पण मनापासून नाही. गिरणीचा राग ते हिशेबात आणताहेत असं वाटलं. पुढच्या तीन महिन्यांत त्या शेअरचा भाव चढत गेला. ऑफिसातल्या एकाने घेतला होता, त्याने पेढे वाटले. पेढा हातात घेऊन मी घरी आले आणि आबांसमोर ठेवत म्हटलं, "हा आपण न घेतलेल्या शेअरचा."

पेढा त्यांनी खाल्ला नाही. पुढचे तीन आठवडे ते घाटकोपरला गेले नाहीत आणि दाढीही वाढली. नवरा मला एवढंच म्हणाला, "काय गं, तुला गरज होती का?"

गरज नव्हती. चौथ्या रविवारी मी नवा कागद घेतला, पाचाऐवजी सहा रकाने आखले आणि तो त्यांच्या पुढ्यात सरकवला. सहाव्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'माल आणि माग'.

"ह्या काय?"

"हा रकाना तुमचा. तुमची खूण नसेल तर घ्यायचं नाही."

त्यांनी बराच वेळ कागद न्याहाळला. मग म्हणाले, "पेन्सिल दी."

वर्षभराने त्या गिरणीने लाभांश चुकवला आणि भाव कोसळला. मी धावत जाऊन आबांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "वायट झाला. आता थयली माणसां घरी बसतली." त्या दिवशी ते पुन्हा खिडकीशी बसले.

हा रकाना नेहमी बरोबर ठरला असं मात्र नाही. प्लास्टिकच्या बादल्या करणारी एक कंपनी त्यांनी नाकारली, कारण अहवालात अध्यक्षांचा फोटो फार मोठा होता. त्या शेअरचा भाव पुढे तिप्पट झाला. फोटोचा आणि मालाचा काय संबंध, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी पुढचा अहवाल उघडला.

सहाही खुणा मिळालेली पहिली कंपनी पंप बनवणारी होती. आम्ही तिचे पन्नास शेअर घेतले, दोघांच्या नावाने, पहिलं नाव आबांचं. दुसऱ्या वर्षी अहवाल आमच्या दारात टपालाने आला. आबांनी तो रद्दीतल्या अहवालासारखाच तपासला. शिल्लक माल वाढलेला, विक्री तेवढीच.

"आता?" मी विचारलं.

"सभा आसा ना? इचारूया."

मी रजा काढली. फोर्टातल्या एका सभागृहात वार्षिक सभा होती. बरेच लोक खाण्याच्या पाकिटासाठी आल्यासारखे शेवटच्या रांगांत बसले होते. आबा तिसऱ्या रांगेत. प्रश्नांची वेळ आली तसे ते उठले. आवाज गिरणीतला, मागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा. शहरी मराठीत, शब्द जुळवत ते म्हणाले, "साहेब, विक्री तेवढीच आहे. मग माल इतका का वाढला?"

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी अहवाल उघडला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की तांब्याचा भाव चढणार असं दिसत होतं, म्हणून तांब्याची तार आधीच घेऊन ठेवली आहे. तयार पंप पडून नाहीत. मागच्या पानावर कच्चा माल आणि तयार माल वेगळा दाखवला आहे, तो बघावा.

आबांनी उभ्या उभ्याच पान उलटलं. बोट फिरवलं. "बरोबर," ते म्हणाले आणि बसले. मग माझ्याकडे वळून हळूच, "ह्या पान तू माका दाखवलंस नाय."

खरंच दाखवलं नव्हतं. मलाही ते सुचलं नव्हतं.

पुढे सासूबाईंचे गुडघे धरले आणि आबा गावी राहायला गेले. गठ्ठा आणायला आता मी शनिवारी ऑफिसातून परस्पर घाटकोपरला उतरायची. रद्दीवाला दर वेळी विचारायचा, "काका कैसे हैं?" त्यातले बरे अहवाल मी आबांना टपालाने पाठवायची. त्यांचं अंतर्देशीय पत्र यायचं. नारळ किती उतरले, गाय व्यायली, सासूबाईंना कुठलं तेल लागू पडलं, आणि मग खाली, वेगळी ओळ सोडून: 'पंपवाल्यांची उधारी वाढली आसा. बघ आणि कळव.'