कंपनीच्या मॅडमचा आवाज

माह्या गळ्यात एक बाई राहाते. गणपतीच्या नाटकात बाईचं काम कराले गावात कोणी तयार नव्हतं, म्हणून मले लुगडं नेसवलं. तोंड असं, की पडदा सरकला आन् पुढं बसलेलं एक लेकरू भेऊन रडाले लागलं. पण मी बोललो, तवा मागच्या म्हाताऱ्या एकमेकीले विचारू लागल्या, ही कोणाची सून व्हय म्हणून. शाळेत मी गेलो नाही. वावरात माहं मन लागलं नाही, आन् वावराचंही माह्यात लागलं नाही. देवानं एकच हुन्नर देला, तो बी बाईचा. बायको म्हणते, आवाजासंगं जराशी अक्कल बी बाईचीच देली असती तं माहा संसार झाला असता.

मंग गावात बीटी कपाशी आली आन् तिच्या मागंमागं मोबाइल आले. बियाण्याच्या कंपन्यांच्या पोरी फोन करत. सर, कोणतं वाण लावलं, सर, कितव्या दिवशी फवारा मारला. आमच्याकडच्या माणसाले जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. लोकं कपाशीच्या पराटीतून धुऱ्यावर, बांधावर येऊन, डोक्याचा रुमाल काढून बोलत. माह्या गळ्यातली बाई हे आयकून कशी गप्प बसन? बायकोचा नंबर कोणाजवळ नव्हता. तिच्या फोनवरून मी कंपनीची मॅडम झालो. एकाले म्हटलं, सर, झाडाजवळ जाऊन त्याले गाणं म्हणून दाखवा, आम्ही प्रयोग करत आहोत. त्यानं म्हटलं. चांगलं म्हटलं.

गुलाबी अळी पडली त्या साली मी धुऱ्याच्या शेजाऱ्याले असाच फोन लावला. म्हटलं, सर, जरा बोंडं फोडून पाहा आन् आतमधी काय दिसते ते सांगा. तो फोडत गेला. भाईरून हिरवंगार, टणक बोंड, आन् फोडलं की अळी. फोडते आन् सांगते, अळी मॅडम. हे बी अळी मॅडम. मी बांधाच्या अलीकडं लिंबाखाली बसलो होतो, मले तो दिसत होता. मंग त्याचा आवाज बसला, म्हणे मॅडम, आता मी काय करू, तुमीच सांगा. सर, उन्हात नका उभे राहू, सावलीत बसा, असं म्हणून मी फोन ठेवला. तो खरंच सावलीत जाऊन बसला.

त्याच साली दिवाळीच्या आगंमागं माहा धाकला भाऊ सुटीवर आला.

तो फौजेत. पण गावाले वाटते तशी फौज नाही त्याची. बंदूक नाही, बर्फ नाही. तो कम्प्युटरच्या पलटणीत, खोलीत खुर्चीवर बसून दुश्मनाचे डाव पाहाते, एवढंच आमाले माहीत. गावात लोकं त्याले खुर्चीवाला फौजी म्हणत, आन् खरं सांगाचं तं ते नाव मीच पाडलं होतं. आला तवा मी गावच्या येसीवरच सलाम ठोकला आन् विचारलं, काय बे, खुर्चीले गोळी लागली का? तो हासला नाही. माह्या खांद्यावरून मागं पाहात राह्यला, जसं कोणी त्याले हाका मारते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या साहेबाचा फोन मलेच आला. धाकल्यानंच माहा नंबर देला होता म्हणे. मी दाढी करत होतो. अर्ध्या तोंडाले फेस, आन् मी खाटेपाशी सावधान उभा. साहेब हिंदीत बोलत होते, हळू, घरच्या माणसावानी. म्हणे, तुमचा भाऊ लय कामाचा माणूस हाये, पण त्याच्या डोक्यात काहीतरी अडकलं. आमच्याकडं अशासाठी मनाचं दुखणं आयकणारी एक ताई हाये, तिच्यापुढं तो घंटाघंटा बसते आन् शब्द काढत नाही. काय पाह्यलं, काय आयकलं, हे तुमी त्याले विचारू नका. त्याले एकटं सोडू नका. तो आपल्या मनानं बोलला तं बोलू द्या, आन् सुटी संपाच्या आत त्यानं ताईले एक फोन केला तं आमी सांभाळून घेऊ. नाही केला तं मले त्याले दवाखान्यात पाठवा लागन. मी हाव सर, हाव सर करत राह्यलो. फोन ठेवला तवा फेस सुकला होता. ज्या माणसाले विचारल्याबिगर पाणी पचत नाही, त्याले सरकारनं न विचाराची ड्युटी लावली.

मी विचारलं नाही. त्याच्यासंगं हिंडलो, वावरात, देऊळघाटच्या बाजारात, न्हाव्याकडं. त्याचा फोन तो टावेलात गुंडाळून पेटीत ठेवे. दुसऱ्याच्या फोनची रिंग वाजली की उठून आंगणात जाये. आन् बसला की मान एका बाजूले कलती, जशी एका कानात काही चालूच हाये. घास हातात धरून तसाच बसे. मी नकला केल्या, लुंगी डोक्याले बांधून नाचलो, शेळीसंगं भांडलो. शेळी हासली असन, तो नाही.

त्या साली गावात बऱ्याच घरात फवाऱ्याच्या औषधाच्या बाटल्या कोठीमागं लपवल्या होत्या. आमच्या मायनं बी लपवली. कोणापासून, ते तिनं सांगतलं नाही आन् मी विचारलं नाही. विहिरीवर धाकला पाणी काढाले गेला की माय मले डोळ्यानं खुणावे, आन् मी कायतरी निमित्त काढून मागं जाये. एकदा म्हटलं, पोहाले आलो. मले पोहता येत नाही, हे साऱ्या गावाले माहीत.

कापसाची वेचणी सुरू कराच्या आधी आमच्याकडं वावरात सीतादही करतात. बाया दहीभात नेतात, झाडाची पूजा करतात, मंग पहिलं बोंड वेचतात. त्या साली वेचाले होतं काय? पण माय म्हणे, झाडानं काही पाप केलं नाही. आळीतल्या बाया आल्या, धाकला बी आला, कमरेले ओटी बांधून. पूजा झाली. अर्धी बोंडं किडकी, कवडीवानी कापूस. मंग एक वहिनी म्हणे, भाऊजी, तुमची मॅडम बोलवा ना, अळीले समजावून सांगन ती.

मी पदरासारखा रुमाल घेतला आन् सुरू झालो. नमस्कार, मी कंपनीतून बोलते, अळी ताई हाये का घरी? बाया हासू लागल्या. माय बी हासली. मले झिंग चढली. अळीच्या सासूले बोलावलं, अळीच्या नवऱ्याची चवकशी केली. मंग मॅडमनं लाडानं विचारलं, जेवलात का तुमी?

धाकल्याच्या ओटीतला कापूस खाली पडला. तो उचलला नाही. सरळ विहिरीकडं चालाले लागला.

मी रुमाल डोक्यावर तसाच घेऊन पराटीतून पळालो, पराटीच्या काड्या लुंगीले लागत होत्या. तो विहिरीच्या काठाले बसला होता, तोंड माह्याकडं करून. जसा माहीच वाट पाहात होता.

"दादा, तो आवाज पुन्हा काढ."

म्हटलं, बाबू, चुकलं माहं, मी येडपट माणूस.

"काढ ना. तेच म्हण. जेवलास का."

मी म्हटलं. त्यानं पुन्हा म्हणाले लावलं. तो माह्या तोंडाकडं पाहात होता, डोळ्याची पापणी न हालवता. माह्या मिशीकडं, तंबाखूनं काळ्या झालेल्या दाताकडं. मी म्हणत गेलो, जेवलास का, जेवलास का, आन् माह्या डोळ्यातून पाणी येत होतं आन् आवाज मात्र त्या बाईचाच, गोड. शेवटी त्यानं हात वर केला.

मंग तो बोलला. म्हणे, आपल्यासारखाच एक जवान होता, कुठल्यातरी खेड्यातला. त्याले एका पोरीचा फोन येत होता. रोज विचारे, जेवलास का, झोपलास का, आज कुठं ड्युटी हाये. ती पोरगी नव्हतीच. तिकडं दुश्मनाचा एक माणूस बसला होता, मशीनमधून आवाज बदलून. त्याच्या मागं कोण कोण हाये ते पकडाचं होतं, म्हणून फोन लगेच तोडता येत नव्हता. आयकत राहाचं होतं. आन् आयकाचं काम धाकल्याकडं.

"मले माहीत होतं ती पोरगी नाही. त्याले नव्हतं. आन् मले त्याले सांगता येत नव्हतं."

मी साहेबाचा हुकूम मोडला. विचारलं, मंग?

मंग त्याले धरलं म्हणे. सांगतलं, अशी कोणी बाई नाही. त्यानं मानलं नाही. तो म्हणे, तुमी खोटं बोलता, माहं जेवण दुसऱ्या कोणी कधी विचारलं? एवढं सांगून धाकला थांबला. त्या जवानाचं पुढं काय झालं हे तो बोलला नाही. मले वाटलं हे संपलं. पण अडकलेलं ते नव्हतंच.

"दादा, मी बी तिची वाट पाहात होतो," तो म्हणे. "ड्युटी लागली की बरं वाटे. मले माहीत होतं तो माणूस हाये, तरी. आता काम बंद झालं, तं तो आवाज रोज कानात येते. हे ताईले कसं सांगू? म्हणतील, हा बी फसला. मले काढून टाकतील."

माह्याजवळ अक्कल नव्हती, पण तोंड होतं. म्हटलं, हे पाह, तुही बाई ही अशी दिसते. मिशीवाली. गोठ्यात झोपते. हिच्यासमोर बोलता येते तं त्या ताईसमोर काऊन नाही? काढलं नोकरीतून तं काढलं, आपण दोघं मिळून नाटकात बाया होऊ. मी जे बोललो त्यात हासण्यासारखं काही नव्हतं. तो हासला, आन् हासता हासता जोरात रडला.

विहिरीपाशी रेंज येते. त्यानं घरून फोन मागवला नाही, माहाच मागतला. नंबर त्याले पाठ होता. त्यानं पलीकडं नमस्कार म्हटला आन् मी चालाले लागलो. साऱ्या गावाच्या भिंतीले कान लावणारा मी, त्या दिवशी मोठमोठ्यानं खोकलत गेलो, म्हणजे एक शब्द कानात येऊ नाही. दूर धुऱ्यावर बसून त्याचा हात तेवढा पाह्यला. हात हालत होता. मधीच बराच वेळ हालला नाही, तवा मी उभा राह्यलो. मंग पुन्हा हालाले लागला. बायांनी दहीभात झाकून ठेवला होता. कोणीच जेवलं नाही तो येईपर्यंत.

ताई त्याले म्हणाली, तू पहिला नाहीस. एवढंच त्यानं मले सांगतलं. नोकरी गेली नाही. आयकाचं काम काढून घेतलं, दुसरं देलं. पुढं कधीतरी म्हणाला, आता तिथं कोणाले एकट्यानं आयकत बसू देत नाहीत, दोघं बसतात आन् उठल्यावर ताईपाशी बोलून मंगच घरी जातात. बुलढाण्याहून मलकापूरच्या एसटीत मी त्याले बसवलं. त्याची मान सरळ होती.

त्याचं बरं झालं. माहं थोडं बिघडलं. त्या दुसऱ्या जवानाची माय कुठं असन, तिनं बी बाटली लपवली असन का, हे पराटीतून चालताना डोक्यात येते, आन् विचारू तं कोणाले? धाकल्याले विचाराची अजून बंदीच हाये, माही मीच घातलेली.

त्याचा फोन रोज येते. माणूस घरून लांब असला की पहिलं काय विचारते? तेच जिभेवर येते, आन् मी ते गिळून टाकतो. मंग विचारतो, आज भाजी कोणती होती बे?

तो सांगते, वांग्याची. मंग तो बी विचारते, तुह्याकडं कोणती?