मून मॉथचं स्वयंवर

प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाशी लग्न करू नये, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे आणि त्या ठरावाला माझाही पाठिंबा आहे.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. परीक्षेला प्रत्येकाने कीटकांची पेटी द्यायची. पेटीत बाकी काहीही असो, मून मॉथ नसला की परीक्षक नाक मुरडत. हा फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा, तळहाताएवढा पतंग. त्याला खायला तोंडच नसतं, आयुष्य काय ते लग्नापुरतं.

त्याच्यासाठी आमच्या सरांनी पावसाळी सहलीची पद्धत पाडली होती. तिला ते स्वयंवर म्हणत. प्रयोगशाळेत कोशातून निघालेली मादी जाळीच्या पिंजऱ्यात घालायची, पेठच्या पुढे डोंगरातल्या विश्रामगृहावर न्यायची आणि पडवीत टांगायची. तिच्या वासावर लांबलांबून नर येत. सकाळी बघावं तर भिंतभर नवरदेव. ते आम्ही अलगद उचलून विषारी वाफेच्या बाटलीत घालायचो आणि दुपारपर्यंत अख्खं वऱ्हाड टाचण्यांवर. जास्तीचे पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी डांबरगोळ्यांत. माझी पेटी सगळ्यात देखणी ठरली आणि पुढे त्याच कॉलेजात मला नोकरीही लागली. म्हणजे मी तसा मून मॉथच्याच जिवावर संसाराला लागलो.

सर निवृत्त झाले आणि स्वयंवराचं यजमानपद माझ्याकडे आलं. वर्षागणिक नवरे रोडावत गेले. त्याची कारणं मी फार पोटतिडकीने सांगायचो. अळ्या ज्यांचा पाला खातात ती ऐनाची झाडं कोळशासाठी गेली, डोंगर दर उन्हाळ्यात पेटवतात, खाली द्राक्षांवर फवारण्यांचा कहर चाललाय. सगळं खरंच होतं. फक्त हे व्याख्यान देताना माझ्या खांद्यावरच्या शबनममध्ये टाचण्यांची डबी खुळखुळायची.

ऐंशीच्या दशकात एका वर्षी तर कोशच मिळेना. शेवटी वर्गातल्या एका अबोल मुलीने एक आणला. सुट्टीत तिला मामाच्या गावी अळी सापडली होती, ती तिने घरी बुटाच्या खोक्यात वाढवली होती. कोशातून मादी निघाली. मुलगी म्हणाली, "सर, या वेळी बाटली नको ना? मला नुसतं बघायचंय."

मी उदार झालो. "नको. तुझ्याकडचं कार्य आहे. बघ, सकाळी भिंत दिसणार नाही."

मुली येणार म्हणून सोबतीला माझी बायकोही आली. ती सटाण्याची. मला चिडवायचं असलं की तिला हटकून माहेरची अहिराणी आठवते. सकाळी भिंतीवर एक पाल होती आणि पिंजऱ्याच्या डोक्यावर गेल्याच वर्षी बसवलेली, रात्रभर जळणारी ट्यूबलाइट. चहाचा कप हातात देत बायको म्हणाली, "तुमना नवरदेव कोठे शे?"

मी वाऱ्याची दिशा सांगितली. धुकं सांगितलं. एका चहात जितकं शास्त्र मावतं तितकं सगळं सांगितलं. मुलं माना डोलवत होती, ती मुलगी मात्र पिंजऱ्याकडेच बघत होती. दुसऱ्या सकाळीही भिंत कोरी. आता व्याख्यान कुणी मागितलं नाही, आणि खरं सांगतो, मला भयंकर लाज वाटली.

परतताना एसटीत पिंजरा त्या मुलीच्या मांडीवर होता. घाट उतरताना ती एकदम म्हणाली, "सर, अंडी!" जाळीला तपकिरी दाणे चिकटले होते. पतंगीण वाट बघून थकली की तशीच अंडी घालते. ती फळत नाहीत, हे मीच वर्गात शिकवलं होतं. त्या दिवशी ती मुलगी बहुधा गैरहजर असावी, किंवा माझं शिकवणंच तसलं असेल.

"पुढच्या वर्षी भिंत भरेल ना?" तिने विचारलं. वर्गात मला घंटा झाली तरी थांबवता येत नाही. एसटीत मात्र मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "बघू."

तिने अंडी प्रयोगशाळेत बरणीत ठेवली. अळ्या निघाल्या की उपाशी राहायला नकोत म्हणून आवारातल्या बदामाचा कोवळा पाला आणून घातला. हळूहळू अंड्यांना खळगे पडले. ती रोज सकाळी पाला बदलायची, बरणी माझ्यापुढे धरायची, आणि मी चष्मा पुसून, वाकून बघून म्हणायचो, "छान. ठेव."